गुलाबावरचे काळे ठिपके : एका जुन्या लढाईचा इतिहास



मागच्या दोन भागांत आपण पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेवर आणि तिथल्या मराठा पलटणींवर बोललो. आज तोफा-बंदुका जरा बाजूला ठेवू. आजचा विषय आहे गुलाबाच्या पानावर येणारा काळा ठिपका. तुम्ही म्हणाल, कर्नलसाहेब रिटायर झाले आणि माळीकाम सांगायला लागले. पण थोडं थांबा. या ठिपक्यामागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक महायुद्धही येतं.

आधी माझी चूक सांगतो. नोकरीतली शेवटची काही वर्षं मी दिल्लीला होतो. तिथून निघताना सौभाग्यवतींनी एका कुंडीत पिवळा गुलाब बरोबर घेतला. 'पीस' नावाची जात. मोठं, फिकट पिवळं फूल, पाकळीच्या कडेला गुलाबी झाक. दिल्लीच्या हिवाळ्यात हे झाड असं फुलायचं की येणारा-जाणारा फाटकापाशी थांबायचा. आम्ही बेळगावला स्थायिक झालो आणि झाड अंगणात लावलं. पहिल्याच जुलैत पानांवर काळे, झालरीच्या कडांचे ठिपके आले. पानं पिवळी पडली आणि श्रावण संपेपर्यंत झाडाचा नुसता सांगाडा उरला.

मी फौजी माणूस. शत्रू दिसला की मारा करायचा, एवढंच डोक्यात. दुकानातून बुरशीनाशक आणलं, त्यात कीटकनाशकही मिसळलं आणि आमच्या बागकामाला येणाऱ्या मामांना सांगितलं, दर चार दिवसांनी फवारा. मामा एकदा म्हणाले, "साहेब, ह्या झाडाला हितलं पाणी मानवत न्हाई." मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या की चौथ्या फवारणीनंतर मामा पंप खाली ठेवून पायरीवर बसले. चक्कर, उलट्या, डोळ्यांतून पाणी. मी त्यांना हातमोजे दिले नव्हते, तोंडाला बांधायला फडकंही दिलं नव्हतं. दोन दिवस ते दवाखान्यात होते. बरे झाले, पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. माझ्या हाताखालच्या जवानाला मी कधी हेल्मेटशिवाय पुढे धाडलं नसतं. इथे एका फुलासाठी नेमकं तेच केलं.

त्यानंतर मी वाचायला बसलो. हा रोग आहे काय, आला कुठून, आणि मामा म्हणाले त्यात तथ्य किती? जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात लंडनपासून करू. १६६५ साली रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाचं 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गोष्टींची त्यात मोठमोठी चित्रं आहेत. उवेचं आणि पिसवेचं चित्र सगळ्यांना माहीत असतं. त्याच पुस्तकात हूकने गुलाबाच्या रोगट पानावरचे पिवळे डाग पाहून त्यांतल्या देठावर उभ्या, काळपट शेंगांसारख्या आकृत्या काढल्या आहेत. आज आपण त्याला गुलाबाचा तांबेरा म्हणतो. सूक्ष्म बुरशीची माणसाने काढलेली जी अगदी पहिली चित्रं आहेत, त्यांत गुलाबाचं पान आहे. हूकला ती छोटी वनस्पतीच वाटली. पण तिचं बी त्याला सापडेना, म्हणून ती पानाच्या कुजण्यातून आपोआप उपजत असावी असा तर्क त्याने केला.

हा तर्क पुढे जवळजवळ दोनशे वर्षं टिकला. झाड आधी आजारी पडतं आणि त्या आजारातून बुरशी निघते, असंच विद्वान समजत. १८५३ मध्ये आंतोन द बारी या तरुण जर्मन शास्त्रज्ञाने तांबेरा आणि काणी या रोगांवर ग्रंथ लिहून हे उलटं केलं. बुरशी हा रोगाचा परिणाम नव्हे, ते रोगाचं कारण आहे. शत्रू बाहेरून येतो, पानात शिरतो आणि तिथे वाढतो. युद्धशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर दोनशे वर्षं आपण ज्याला अंतर्गत बंडाळी समजत होतो, ते परकं आक्रमण निघालं.

शत्रू बाहेरचा आहे हे सिद्ध होण्याआधीच बागाईतदारांना दोन हत्यारांपैकी एक सापडलेलं होतं. त्याचं नाव गंधक. १८४५ मध्ये इंग्लंडच्या मार्गेट गावात टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलींवर पांढरी पूड दिसली. आपण तिला भुरी म्हणतो. गंधकाने ती आटोक्यात येते हे त्याने पाहिलं. भुरी गुलाबावरही येते, ती बुरशी द्राक्षावरच्या बुरशीची चुलत बहीण आहे. गंधक आजही तितकंच उपयोगी आहे. अट एवढीच की ऊन बत्तीस-तेहतीस अंशांच्या वर गेलं की ते पान जाळतं.

दुसरं हत्यार योगायोगाने सापडलं. फ्रान्सच्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं येणारे-जाणारे खुडून न्यायचे. त्यांना किळस यावी म्हणून मळेवाले त्या ओळींवर मोरचूद आणि चुना कालवून निळसर सडा मारत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं की बाकीचा मळा केवडा रोगाने पानगळीला लागला आहे, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केलं. हेच आपलं बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, झालं एक टक्क्याचं मिश्रण. त्यात लोखंडी विळा बुडवून काढायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. कोकणातल्या सुपारीच्या बागाईतदाराला हे सांगावं लागत नाही. पावसाळी प्रदेशात हे मिश्रण कसं टिकवायचं यावर आपल्याकडेच मोठं काम झालं आहे. म्हैसूर संस्थानात १९०८ साली आलेले कॅनडाचे लेस्ली कोलमन यांनी सुपारीच्या कोळेरोगामागची बुरशी शोधली आणि मलनाडच्या धुवांधार पावसातही घडावर चिकटून राहील असं बोर्डो मिश्रण वापरात आणलं.

आता गुलाबाकडे वळू. गुलाबाचे मुख्य बुरशीरोग तीन : तांबेरा, भुरी आणि काळे ठिपके. आपल्या दमट भागांत खरा त्रास शेवटच्या दोघांचा. आणि या दोघांचा स्वभाव अगदी उलट आहे, हे मला फार उशिरा कळलं.

भुरीला पानावर साचलेलं पाणी नको असतं. उबदार कोरडा दिवस आणि दमट थंड रात्र तिला मानवते. म्हणून पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर पांढरी पूड दिसते. काळ्या ठिपक्यांचं उलट. त्याच्या बीजाणूला रुजायला ओलं पान लागतं, आणि तेही थोडं-थोडकं नाही, सलग सात तासांच्या आसपास. एकदा रुजला की आठवडा-दहा दिवसांत ठिपका दिसतो. तो वाऱ्यावर फार लांब जात नाही. पावसाच्या थेंबाबरोबर उडून तो खालच्या पानावरून वरच्या पानावर चढतो, आणि गळलेल्या पानांत, फांदीवरच्या डागांत दबा धरून पुढच्या पावसाची वाट पाहतो. १९१२ साली अमेरिकेतल्या फ्रेडरिक वुल्फ यांनी या बुरशीची राहिलेली अवस्था शोधली आणि तिला डिप्लोकार्पोन रोझी हे नाव दिलं.

म्हणजे मी जुलैत काय करत होतो? संध्याकाळी झारीने झाडाला वरून अंघोळ घालत होतो. रात्रभर पान ओलं. शत्रूला मीच रसद पुरवत होतो आणि सकाळी मामांना फवारणीला उभं करत होतो.

तरीही एक प्रश्न उरतोच. शेजारच्या अंगणातला साधा गुलाबी गावठी गुलाब त्याच पावसात उभा होता. त्याचीही चार पानं गळली, पण सांगाडा झाला नाही. मग माझ्याच 'पीस'ची ही दशा का? याचं उत्तर इराणात सापडतं.

युरोपातल्या जुन्या बागांत गुलाबी, पांढरे, लालसर गुलाब होते. चीनमधून आलेल्या गुलाबांनी बारमाही बहर दिला, थोडा फिकट पिवळेपणाही दिला. पण हळदीसारखा गडद पिवळा रंग बागेतल्या गुलाबात नव्हता. तो रंग होता पश्चिम आशियाच्या कोरड्या डोंगराळ मुलखातल्या एका गुलाबात. त्याचं शास्त्रीय नाव रोझा फेटिडा. त्याची भरगच्च पाकळ्यांची जात, 'पर्शियन यलो', इराणात वकील राहिलेल्या सर हेन्री विलॉक यांच्यामार्फत १८३७ च्या सुमारास इंग्लंडला पोचली.

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ पेर्ने-द्युशे नावाचे गुलाबसंवर्धक होते. त्यांनी १८८० नंतरच्या दशकात या पर्शियन गुलाबाचा बागेतल्या गुलाबांशी संकर करायला घेतला. झाड बी धरेना, धरलं तर रुजेना, अशी वर्षं गेली. शेवटी १९०० मध्ये त्यांनी 'सोलेय दॉर', म्हणजे 'सोनेरी सूर्य', लोकांपुढे आणला. आजच्या बागांतले गडद पिवळे, केशरी, दुरंगी गुलाब बहुतेक सगळे याच घराण्यातले.

पण रंगाबरोबर आणखी काही आलं. गुलाबसंवर्धक आजही सांगतात की काळ्या ठिपक्यांना पटकन बळी पडायची खोड या घराण्यात पर्शियन पूर्वजाकडून आली. यात त्या झाडाचा दोष काय? जिथे उन्हाळ्यात पानावर पाण्याचा थेंब टिकत नाही, तिथे त्याला या बुरशीशी लढायची वेळच आली नव्हती. ज्या सीमेवर कधी शत्रू आला नाही तिथे कोणी खंदक खणत नाही. मी लडाखला असताना तिथला रानगुलाब पाहिला आहे. रोझा वेबियाना त्याचं नाव. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या दगडगोट्यांत गुलाबी फुलांची झुडपं, पानं धुतल्यासारखी स्वच्छ. तेव्हा मला वाटलं, काय काटक झाड आहे! आज वाटतं, काटक होतंच, पण त्याची परीक्षा वेगळ्या विषयात झाली होती.

पेर्ने-द्युशे यांची पुढची गोष्ट फौजी माणसाला चटका लावणारी आहे. त्यांचे दोन मुलगे, क्लोदियस आणि जॉर्ज, वडिलांचा वारसा चालवणार होते. दोघेही पहिल्या महायुद्धात मारले गेले. वडिलांनी १९२० मध्ये एका पिवळ्या गुलाबाला क्लोदियसचं नाव दिलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गुलाबाला जॉर्जचं. क्लोदियसच्या नावाचा तो पिवळा गुलाब पुढे अनेक संकरांत वापरला गेला. फ्रान्सच्याच फ्रान्सिस मेय्याँ यांनी १९३० नंतर जो गुलाब तयार केला, त्याच्या वंशावळीतही तो आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत या नव्या गुलाबाचे डोळे अमेरिकेला पोचले होते. २९ एप्रिल १९४५ ला, बर्लिन पडत असताना, तिथे त्याचं नाव जाहीर झालं, 'पीस'. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या प्रतिनिधींना हे फूल भेट दिलं गेलं.

म्हणजे माझ्या अंगणात काळ्या ठिपक्यांनी झडत होता तो गुलाब एका पडलेल्या सैनिकाच्या नावाच्या गुलाबाचा वंशज होता. त्याचा रंग इराणचा आणि दुबळेपणाही तिथलाच. मामांनी हे काही वाचलं नव्हतं. त्यांनी झाड पाहिलं, पाऊस पाहिला आणि सांगितलं, इथलं पाणी मानवत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दुबळेपणावर उतारा म्हणून आंतरप्रवाही बुरशीनाशकं आली. बेनोमिल, कार्बेन्डाझिम वगैरे. ती झाडाच्या आत शिरून काम करतात. गुलाबसंवर्धक निर्धास्त झाले. फूल मोठं हवं, रंग नवा हवा, रोगाचं काय, फवारणी आहेच. पण एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की बुरशीतले न मरणारे तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. काही वर्षांतच भुरीसारख्या बुरशींना ही औषधं लागू पडेनाशी झाली. एकाच वाटेने रोज गस्त घातली तर घुसखोर दुसरी वाट धरतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. बागेत मी ते विसरलो.

दुसरा मार्ग होता झाडालाच लढायला शिकवण्याचा. आपल्या देशात हा मार्ग गुलाबापेक्षा आधी गव्हात चोखाळला गेला, आणि दोन्हीकडे नाव एकच आहे, डॉ. बेंजामिन पिअरी पाल. जन्म १९०६, बालपण ब्रह्मदेशात, शिक्षण रंगून आणि केंब्रिजला. तांबेऱ्याने गव्हाची पिकं बसत होती त्या काळात पाल यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत वर्षानुवर्षं संकर करून 'एन. पी. ८०९' हा गहू दिला. गव्हाच्या तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा हा वाण १९५४ चा. पुढे १९६५ मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. आणि कामातून उरलेल्या वेळात हा माणूस गुलाबाचे संकर करायचा. 'रोझ शरबत', 'दिल्ली प्रिन्सेस', 'बंजारन', 'डॉ. होमी भाभा' हे त्यांचे गुलाब. १९६६ साली त्यांचं 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक आलं. परदेशी गुलाब आणून लावणं वेगळं आणि इथल्या हवेत वाढवून, निवडून इथला गुलाब घडवणं वेगळं, हे त्यांनी करून दाखवलं.

पावसात वाढलेले गुलाब आपल्याकडे होतेच. १८८२ मध्ये जॉर्ज वॅट यांनी मणिपूरच्या डोंगरांत झाडांवर चढणारा, तळहाताएवढ्या फुलांचा रानगुलाब पाहिला. १८८८ मध्ये ब्रह्मदेशच्या शान टेकड्यांत तोच गुलाब सर हेन्री कॉलेट यांनी गोळा केला. हे कॉलेट बंगाल आर्मीचे अधिकारी. मोहिमेवर असताना दुर्बिणीतून डोंगरउतारावरचं पांढरं फूल पाहणारा अधिकारी मला फार आपला वाटतो. या गुलाबाचं नाव रोझा जायगँटिया. दुसरा रोझा क्लायनोफिला, बंगाल-बिहारच्या पाणथळ काठांवर वाढणारा, मुळं पाण्यात असली तरी तग धरणारा. कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन हे जोडपं गेली काही दशकं या दोन गुलाबांपासून उष्ण हवेचे नवे गुलाब तयार करत आलं आहे. वीरराघवन भारतीय प्रशासकीय सेवेतून बाहेर पडून याच कामाला लागले. त्यांच्या एका पिवळ्या गुलाबाचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांच्या नावावरून ठेवलं आहे.

पश्चिमेतही वारं फिरलं. जर्मनीतल्या गुलाबांच्या सरकारमान्य चाचण्यांत गेल्या शतकाच्या अखेरीस बुरशीनाशक फवारणंच बंद झालं. अमेरिकेतल्या विल्यम रॅडलर यांनी तर कमाल केली. काळ्या ठिपक्यांची पानं वाळवून, कुटून, ती पूड ते आपल्या रोपांवर टाकत आणि वरून पाणी मारत. जे जगेल ते ठेवायचं. त्यातून आलेला 'नॉक आउट' गुलाब २००० साली बाजारात आला आणि लाखो घरांत पोचला. भरती प्रक्रिया म्हणतात ती ही.

आता माझ्या अंगणात काय चालतं ते सांगतो. दोन झाडांत तीन फूट अंतर, मध्ये वारा खेळता. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, पानांवर नाही. बुंध्याभोवती वाळल्या गवताचं आच्छादन, म्हणजे थेंब मातीवरून उडत नाही. ठिपका दिसलेलं पान त्याच दिवशी खुडायचं, गळलेली पानं वेचून अंगणाबाहेर, खताच्या खड्ड्यात नाही. छाटणी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, आणि कापलेल्या टोकाला तांब्याच्या बुरशीनाशकाची पेस्ट, नाहीतर फांदी टोकाकडून काळी पडत खाली मरत येते. उत्तरेत यासाठी 'चौबटिया पेस्ट' प्रसिद्ध होती. राणीखेतच्या छावणीजवळ चौबटियाच्या सरकारी फळबागेत ती तयार झाली. तिच्यात तांब्याच्या क्षाराबरोबर शेंदूर म्हणजे शिसं असायचं, जवसाच्या तेलात खललेलं. शिसं विषारी, म्हणून मी ती वापरत नाही.

फवारणी पूर्ण बंद केलेली नाही. पाऊस लागण्याआधी एकदा आणि उघडीप मिळाली की पुन्हा, तांबं किंवा गंधक, ऋतू पाहून. तांबंही हलक्या हाताने, कारण थंड ओल्या हवेत जास्त झालं तर गुलाबाचं पानच भाजतं. दोन औषधं मनाने एकत्र करायची नाहीत. हातमोजे, चष्मा, मास्क घालायचा. आणि पंप माझ्या पाठीवर असतो, मामांच्या नाही.

अंगणात आता मामांनी निवडलेले गुलाब आहेत. त्यांनी गल्लीतल्या कुठल्या घरी पावसात पान टिकतं ते पाहून फांद्या आणल्या. 'पीस' आम्ही काढून टाकला नाही, सौभाग्यवती ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. तो मोठ्या कुंडीत आहे. जूनमध्ये मी आणि मामा मिळून ती कुंडी पडवीच्या छपराखाली ओढतो, पूर्वेचं ऊन लागेल अशी ठेवतो आणि दसऱ्याला बाहेर आणतो. गेल्या पावसाळ्यात त्याची निम्मी पानं टिकली. जानेवारीत अकरा फुलं आली. पहिलं फूल सौभाग्यवतींनी मामांच्या हातात दिलं.

पुढच्या भागात पुन्हा मेसोपोटेमियाला जाऊ. तोवर आपल्या गुलाबाला संध्याकाळची अंघोळ घालू नका.

जय हिंद.